पिंपातली बुळबुळ

दिवा, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या लेकराचं, चिनूचं, पोट पुन्हा बिघडलंय. पाण्याच्या पिंपाच्या आतून हात फिरवला, तर तीच बुळबुळ. नौपाड्याच्या लॅबमध्ये दिवसभर हेच बघते मी. जीवाणू एकमेकांसाठी रसायनं सोडतात, त्यावरून आपण पुरेसे जमलोय हे त्यांना कळतं, मग सगळे मिळून हा चिकट थर बांधतात. त्यात बारीक वाटा ठेवतात, खाणं आतपर्यंत पोचावं म्हणून. औषध टाकलं तरी आतले तगतात. घासायलाच हवं.

सासूबाईंना तसं सांगितलं. म्हणाल्या, "अगं, भरलेलं पिंप कुणी ओततं का? पाणी उद्या येईल की परवा, कुणाला ठाऊक!"

बिल्डिंगमध्ये कुणीच ओतत नाही. सगळे वरून नव्या पाण्याची भर घालतात, मीही. म्हणजे त्या थराला खाऊ कोण घालतंय? मीच ना?

तरी ओतायला म्हणून पिंप कलतं केलं. खालून "पाणी आलं" अशी हाक येते का, म्हणून कान दिला. आली नाही. पिंप सरळ केलं, झाकण लावलं.

प्यायचं उकळते. बाकी सगळं ह्याच पाण्याने. आता हाताची बुळबुळ धुवायचीय, आणि पाणी त्याच पिंपात आहे.