टेबलाखालची ताई

३ मार्च, सोमवार

बटण आज म्हणाली, "ही कात्री माझी होती. मी मोठी होते ना, तेव्हा."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काय बोलून बसले असते कोण जाणे! कात्री ताईची. डाव्या हाताची, मुद्दाम करून घेतलेली. ताई जाऊन सहा वर्षं झाली आणि ही तिच्या लेकीची लेक, वय वर्षं चार. हिने ताईला पाहिलेलंसुद्धा नाही. तिची आई कामावर असते तोवर दुपारभर माझ्या दुकानात असते, बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग करून बसते. नाक बटणाएवढं म्हणून बटण.

तिने डावा हात पुढे केला तसं मी दटावलं, कात्रीला हात लावायचा नाही. तर म्हणते, "बरं, धाकटे."

मला धाकटे म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

४ मार्च

कोटाचं अस्तर उलटं बसवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. उसवून परत शिवलं.

६ मार्च, गुरुवार

भाचीला सांगितलं. भाची म्हणजे बटणची आई, ताईची एकुलती एक. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. काचेखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, असा सरळ कारभार. हसली. म्हणाली, डावखुरेपण घराण्यातून येतं आणि पोरं कुठेतरी ऐकलेलं बोलतात. कुठे ऐकणार? ताई गेल्यापासून मी तिच्याबद्दल कुणाशी अवाक्षर काढलेलं नाही. विचारलं कुणी, तरी विषय बदलते.

आणि मीही काही भोळी नाही. शिवण आतून बघितल्याशिवाय मी कुणाच्या कामाला बरं म्हणत नाही. हात बघून भविष्य सांगणारा एकजण पँट शिवायला टाकून गेला होता. कधी मिळेल विचारायला आला, तर मी म्हटलं, तुम्हीच सांगा बघू!

पण वेणीचं काय? काल बटण म्हणाली, "तू माझी वेणी ओढायचीस आणि मार मलाच बसायचा." खरं आहे. अगदी खरं! हे भाचीलाही माहीत नाही.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. दिवसभर जुनंच आठवत बसले.

आमची पहिली खोली जिन्यावर. मशीन एक, खिडकी एक. ताई बेतायची, मी टीप मारायचे. ऊन सरकेल तसं आम्ही टेबल सरकवायचो, दोघी दोन बाजूंनी धरून. संध्याकाळपर्यंत टेबल दारात यायचं आणि गिऱ्हाइकाला आत यायला जागाच उरायची नाही. मग मापं जिन्यात!

ताई तोंडात टाचण्या धरून बोलायची. ते फक्त मलाच कळायचं. ती पुटपुटायची, बाई जाड झाल्यात. मी बाईंना सांगायचे, ताई म्हणते कापड आटलंय. बाई खूश होऊन घरी गेल्या की आम्ही पोट धरधरून हसायचो. कामं भरपूर होती, झोप कमी होती, आणि मला एक दिवसही कंटाळा आल्याचं आठवत नाही. आता दुकान मोठं आहे, उजेड भरपूर, मशिनी तीन. फार आठवण येते तिची. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार?

११ मार्च, मंगळवार

बटणची परीक्षा घेतली. रीतसर.

पहिलं दुकान कुठे होतं? म्हणाली, "वर. जिना होता. लोक जिन्यात उभे." माझ्या अंगावर काटा आला.

तुझ्या लग्नात मी तुला काय दिलं होतं? म्हणाली, "हत्ती."

दिली होती शाल. मी जरा खट्टू झाले. मग आठवलं, शाल राखाडी होती. आणि हत्ती राखाडीच असतो की! अशी मनाची समजूत घातली. माप बसत नसलं की गिऱ्हाईक पोट आत ओढून घेतं, तशातली गत. मला कळत होतं. तरी ओढलंच.

१४ मार्च, शुक्रवार

इस्त्रीवाल्याच्या कानावर गेलं म्हणजे सगळ्या गल्लीच्या गेलं. आज एक बाई झगा सैल करायला म्हणून आल्या आणि टेबलाखाली वाकून बटणला विचारायला लागल्या, आमच्या ह्यांनी जाण्याआधी कपाटाची किल्ली कुठे ठेवली गं? बटण म्हणाली, "खिशात." बाईंना रडू कोसळलं. घरी जाऊन ह्यांचे सगळे कपडे तपासते म्हणाल्या. झगा राहिला इथेच.

मी अडवायला हवं होतं. उलट मिरवत होते! सगळ्यांसमोर तिला हाक मारली, "ताई, ये बाहेर." आणि ती आली.

भाची दारात उभी होती.

१५ मार्च, शनिवार

भाची घरी येऊन बोलून गेली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "मावशी, तिला ताई म्हणायचं नाही. आपण कोण हेच ती अजून शिकतेय. त्यात तिला दुसरंच कुणीतरी व्हायला लावू नकोस." सोमवारपासून पोर पाळणाघरात.

मी म्हटलं, तुला आईची आठवण येत नसेल, मला येते. तिने पर्स उचलली आणि गेली.

१७ मार्च

टेबलाखालच्या चिंध्या तशाच आहेत. झाडून काढवत नाहीत.

२० मार्च, गुरुवार

इस्त्रीवाला गठ्ठा घेऊन आला आणि दारातच थबकला. "कुणाशी बोलताय? आत तर कुणी दिसत नाही."

मी म्हटलं, मी कुठे बोलतेय? तर म्हणतो कसा, "रोजच बोलता की! आम्हाला वाटायचं, पोरीशी बोलताय."

तो गेल्यावर मी मशीनवर बसले आणि स्वतःवर पाळत ठेवली. जमेना. मग कामात बुडाले आणि एकदम ऐकू आलं, "ताई, बाही बघ गं, ओढल्यासारखी दिसतेय का?" आणि लगेच खालच्या पट्टीत, टाचण्या धरलेल्या तोंडातून, "धाकटे, उसव. पुन्हा शीव." दोन्ही मीच! हात चालू, तोंड चालू. मशीन थांबली की तोंडही थांबतं, म्हणून माझं मला कधी कळलंच नाही.

म्हणजे सहा वर्षं मी तिच्याशी बोलतेय. वेणीबद्दल, जिन्याबद्दल, मापांबद्दल. आणि दर दोन वाक्यांनी "आठवतं ना गं?" खोलीत दुसरं कोण असायचं? टेबलाखाली बटण! कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, हे तिला तिच्या आईनेच शिकवलंय. मी रोज विचारत होते, आठवतं ना? शेवटी शहाण्या पोरीसारखी ती हो म्हणाली.

शालीबद्दल मी कधी बोलले नसणार. म्हणून हत्ती.

खूप हसले. मग रडले, तेही पुष्कळ. ताई दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी मीच तिला घालवली.

२३ मार्च, रविवार

भाचीला सांगायला तिच्या घरी गेले. तूच बरोबर होतीस, पोरीला परत पाठव, एवढंच बोलायचं मनात घोळवत होते. दार लोटलेलं होतं. भाची जमिनीवर बसून बटणला मोजे घालत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात ती बोलली.

"आई," म्हणाली. लेकीला! "शेवटच्या दिवशी मी कामावर जायला नको होतं. रागावलीस का गं माझ्यावर?"

बटण म्हणाली, "नाही. मोजा टोचतोय."

भाचीने मोजा काढला. ते इवलंसं पाऊल हातात धरून नुसती बसून राहिली. मी आल्या पावली परतले.

आता काय करू? मला ताई मिळाली होती तेव्हा मी हरखले होते. तिला आई मिळालीय, तर उसवणारी मी कोण? पण पोरीचं काय? चार वर्षांच्या अंगावर साठीच्या बाईचा कोट. आज मी घातला, उद्या तिची आई घालणार, आणि ते लेकरू गुमान हात वर करून उभं राहणार. सांगायलाच हवं. भाचीने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

२४ मार्च, सोमवार

भाचीला दुकानात बोलावून सगळं सांगितलं. माझी बडबड, दोन आवाज, आठवतं ना गं, सगळं. ती टेबलाला टेकून ऐकत होती.

"मला माहीत आहे, मावशी. रोज बटणला न्यायला यायचे ना, तेव्हा आधी बाहेर उभी राहायचे. आईचा आवाज थांबला की मग आत यायचे."

मी विचारलं, मग पोरीला कशाला विचारलंस?

"दुसरं कुणाला विचारू?"

उद्यापासून बटण परत येणार. हाक बटण अशीच मारायची, हे दोघींनी ठरवलं. मग भाचीने स्टूल ओढलं, मशीनशेजारी बसली आणि म्हणाली, "बोल ना एकदा. आईसारखं."

मी टीप घातली. तोंड उघडलं, तर माझाच आवाज आला. तरी ती बसून राहिली.