नाक्याचा ओंडका

२९ मे १९४९

ओंडके वाचले! निजामाचा नाका जळाला तेव्हाचे तीन – दोन उभे खांब आणि बार्शीकडं जाणाऱ्या गाड्या अडवायला रस्त्यावर टाकायचे तो आडवा. लोक जळणाला नेत होते. मी आडव्यावर बसूनच राहिले. शेवटी आप्पांनी बैलगाडी पाठवली. म्हणाले, "हैदराबादेहून बी.ए. होऊन आलीस ती लाकडं गोळा करायला?"

वीस जूनला त्याच नाक्याच्या खोलीत मुलींची शाळा. नऊ नावं आली आहेत. समोरच्या भिंतीवर याच लाकडात कोरलेल्या, शाळेला निघालेल्या मुली हव्यात. जिथं माणसं अडवली, तिथूनच मुली पुढं जातील – हे सगळं आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी जेव."

२ जून

धुळाप्पामामा सुतार तयार झाले. प्रत्येक ओंडका मधोमध उभा चिरला. एक अर्धा कोरायला, दुसरा दाराच्या चौकटीला. त्यांचा मुलगा शिवप्पा गेल्या वर्षी रझाकारांच्या गडबडीत बार्शीच्या वाटेवर मारला गेला. मी तेव्हा हैदराबादेत. ते त्याविषयी बोलत नाहीत, मी विचारत नाही.

६ जून

कडेच्या दोन फळ्या मामा कोरतात. मधली, आडव्या ओंडक्याची, माझ्यापुढं सरकवली. "ही तुमची, अक्का." केवढा मान! पटाशी धरायला शिकले. हाताचे फोड बघून अव्वा म्हणाली, "भाकरी थापण्यापुरता तरी हात शाबूत ठेव."

११ जून

माझ्या मुलीचं नाक तुटलं. अख्खा चेहरा बोटभर आत घ्यावा लागला. मामा म्हणाले, "नकटी झाली. तुमच्या शाळंत नकटीला घेता का?" पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना.

१५ जून

फळी पुरी झाली. मामांनी ती उभी केली, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उलटी आली."

झाड वाढतं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे. बूड खाली, शेंडा वर. त्यांच्या घराण्यात कुणी साधा खांबसुद्धा उलटा रोवलेला नाही.

"कोण बघतंय, मामा?"

"लाकूड बघतंय. म्या न्हाय लावणार."

भिंत दगडी. तिच्यात खुंट्या बसवणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

१६ जून

बातमी फुटली. शेजारच्या उमाबाई दारातूनच म्हणाल्या, "उलट्या लाकडाखाली पोरी बसवायच्या व्हय? आमच्या दोघींची नावं काढा." यासाठी शिकले का मी? समजूत ती समजूतच! मी हटणार नाही.

१७ जून

आणखी दोघी गेल्या. उरल्या पाच.

१८ जून

आप्पा म्हणाले, "वाद कशाला घालतेस? पाण्यात सोडून बघ. बूड जड, तेच खाली जातं."

सुचलं कसं नाही! त्याच ओंडक्याचा दुसरा अर्धा तसाच पडून होता. माझ्या मुलीचे पाय ज्या टोकाला, त्या टोकाला खडूची खूण केली आणि विहिरीवर नेला. मामांना बोलावलं, उमाबाईंना बोलावलं. आणखी दहा-बारा जण आपणहून जमले. दोरानं सोडला – खडूचं टोक खाली गेलं! वर काढून पुन्हा सोडला. पुन्हा तेच!

"मामा, तुमचं चुकलं! बघा, तुम्हीच बघा!"

कुणीतरी ओरडलं, "बी.ए.नं म्हाताऱ्याला सुतारकी शिकवली!" सगळे हसले. मीही हसले. उमाबाई म्हणाल्या, "येतील बाई पोरी." बाकीच्या दोघीही येणार.

मामा एवढंच म्हणाले, "व्हय. सुलटं हाय. उद्या लावतो."

जिंकले!

१९ जून

मामा आले नाहीत. त्यांची सून इरम्मा खुंट्या घेऊन आली. फळीकडं तिनं पाहिलं नाही.

"मामंजींना पहिल्यापासनं ठावं हुतं, लाकूड सुलटं हाय ते. आमच्या मालकांना त्याच आडव्या ओंडक्याला बांधून मारलं. गावात आमी कुणाला सांगितलं न्हाय. तुम्ही एवढा जीव लावून कोरलं, तवा तुमास्नी तरी कसं सांगावं?"

काल त्यांच्या डोळ्यांदेखत मी तो ओंडका पाण्यात सोडला. दोनदा.