‘गंज’मधला सोलो

९ जुलै २००८
कॉलेजातल्या आमच्या बँडची एकमेव कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर चढवलीय. वीस वर्षांनी. ‘गंज’ या गाण्यातला गिटार सोलो कुणाचा, यावर अनोळखी लोकांचं भांडण. कव्हरवर लीड गिटार श्रीरंग. एक जण ठासून म्हणतो, हा हात ऱ्हिदम गिटारवाल्या नंदूचा. तार इतकी उशिरा ओढणारा दुसरा कोणी नाही. त्याला उत्तर : “आपण तेव्हा स्टुडिओत होतात वाटतं?”
मी होतो. ड्रम्सवर. काही लिहिलं नाही. खराडीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधल्या.

१३ जुलै
खडकीला, नंदूच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये. त्याला यकृताचा कॅन्सर. हॉस्पिटलने घरी पाठवलंय, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मुलगी, मुक्ता, रोज तो वाद त्याला वाचून दाखवते.
“कव्हर रेकॉर्डिंगच्या आधीच छापून आलं होतं. त्या शहाण्यांना कुठे माहितीय!” नंदू.
मुक्ता : “तुम्ही लिहा ना काका. तुमचं ऐकतील.”
नंदू : “आयुष्यात एक गोष्ट नीट वाजवली मी. तेवढं लिही.”
“लिहितो” म्हणालो. लगेच. का?

१४ जुलै
जुनी डायरी सापडली. रेकॉर्डिंगच्या दिवसाची नोंद, माझंच अक्षर : ‘नंदूच्या सोलोत एक सूर चिरका. तो घरी गेल्यावर श्रीने तोच सोलो ऐकून ऐकून बसवला, त्याच ट्रॅकवर वाजवला. नंदूचा पुसला. त्याला सांगायचं नाही असं ठरलं.’
‘ठरलं’. कुणी ठरवलं, ते नाही. रेकॉर्डचं बटण मी दाबलं होतं.

१६ जुलै
श्रीला अमेरिकेत फोन. “अरे, नंदूचं नाव टाकून दे ना. मला काय फरक पडतो? मला ते गाणंसुद्धा धड आठवत नाही.”
चिडलो. तो खोटं सुचवतो म्हणून, की त्याला ते इतकं सोपं जातं म्हणून?
सूर नंदूने रचले, बोटं श्रीची. खरं एवढंच. पण तेवढं लिहायचं तर पुसलेलंही लिहावं लागेल. नंदूला जपतोय की स्वतःला?

१९ जुलै
खडकी. मुक्ताने नंदूला हेडफोन लावून दिला. डोळे मिटून ऐकत होता. डाव्या हाताची बोटं चादरीवर, सोलोबरोबर चालू. शेवटाकडे एक बोट वर सरकलं आणि तिथेच थांबलं. त्या चिरक्या सुराच्या जागी गाणं दुसरीकडे गेलं असावं.
हेडफोन काढून : “टेप ताणली गेलीय का रे?”
“असेल,” मी.
मुक्ता त्याच्याकडे बघत होती. तो माझ्याकडे.

२० जुलै
सकाळी तीन ओळी लिहिल्या, ‘सोलो नंदूने वाजवला, मी साक्षीला आहे’ अशा. फाडल्या. मग सगळं लिहिलं, बटणासकट. इंटरनेटवर टाकण्याआधी त्याला ऐकवायला हवं. त्याच्या पाठीमागे एकदा उरकलंय, ते पुरे.
दुपारी गेलो. मुक्ता औषधं आणायला बाहेर. त्याने माझ्या खिशातला कागद पाहिला.
“माझं नाव आहे ना त्यात?”
“आहे.”
“मग वाच की. चष्मा काय शोधतोयस, डोक्यावर आहे.”