ऐनाच्या रंगातला चोळणा

आये, मी पोहायला शिकले त्या उन्हाळ्याबद्दल आपण दोघी पुढं कधीच बोललो नाही. तू असताना मला अक्षर येत नव्हतं. लग्नानंतर मास्तरांनी, म्हणजे तुझ्या जावयानं, मला पाटीवर लिहायला शिकवलं, पण तोवर तू कुंभारवाड्याच्या आपल्या घरात तापानं गेली होतीस. असतीस तरी तुला हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तिसऱ्या माणसानं वाचून दाखवावं असं ह्यात काही नाही. म्हणून आता लिहिते. इथं रामनगरात सकाळची कामं उरकली आहेत, मास्तर शाळेत गेलेत, घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आपल्या वाडीखालच्या ओढ्यात शेजारची पोर गेली. माझ्यापेक्षा थोडी मोठी होती, करवंदांच्या दिवसांत माझ्याबरोबर रानात यायची. डोक्यावर भाताच्या तरव्याच्या पेंढ्या घेऊन ती साकवावरून चालली होती. साकव कसला, आडवे टाकलेले दोन ओंडके. तिचा पाय सरकला. बा आणि वाडीतली माणसं काठाकाठानं धावली, पण ती सापडली ती खालच्या वळणावर, बांबूच्या बेटात अडकलेली. बा घरी आला तो ओल्या अंगानं उंबऱ्यावरच बसला. तू पाणी दिलंस, ते त्यानं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पाणी गळ्याएवढंच हुतं. लुगडं पायात गुंडाळलं हुतं तिच्या. बांधून टाकल्यागत." तू चुलीपुढं गेलीस आणि जळत्या चुलीत उगाच लाकडं सारत राहिलीस.

शिमगा झाला, ओढ्याचं पाणी उतरलं, तेव्हा बानं सांगून टाकलं की दोन्ही पोरांना पोहायला शिकवणार. त्यानं वाळके भोपळे शोधून आणले, दोरीत ओवले, पाठीला बांधायला तयार ठेवले. धाकट्या भावाच्या बाबतीत विचारण्यासारखं काही नव्हतं. तो लंगोटीवरच वाढत होता, लंगोटीवरच पाण्यात उतरणार होता. माझं काय, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावरून घरात जेवढी बोलाचाली झाली तेवढी शेताच्या बांधावरूनसुद्धा कधी झाली नव्हती. मी दहाएक वर्षांची असेन. खानापूरकडच्या एका घरात माझी बोलणी होऊन सुपारी फुटली होती. बा म्हणत होता, पोर लहान आहे, एक पंचा कमरेला कसून बांधला की झालं. आत्ती, बाची विधवा बहीण, आपल्याकडंच राहायची. तिचं म्हणणं होतं की सुपारी फुटलेली पोर पाण्यात हातपाय मारते हे ऐकूनच पाहुणे उठतील, मग ती काय नेसून मारते ह्याला अर्थच नाही. तू दोघांच्या मधे होतीस. पोर शिकू दे, पण परकर-पोलक्यात शिकू दे, असं तुझं. त्यावर बा, पायात घोळणारं कापड काय करतं ते मी त्या बेटात बघून आलोय, असं काहीसं बोलला आणि कोयता घेऊन रानात निघून गेला. पुढं बरेच दिवस तुम्ही दोघं कामापुरतंच बोलत होता.

एका दुपारी तू मला कळशी घ्यायला सांगितलीस. बा जंगलखात्याच्या बांबूतोडीवर गेला होता. आत्ती अंगणात हिरडे वाळत घालत होती. आपण साकवाच्या वरच्या अंगाला, डोहाकडं गेलो. पण तू कळशी भरली नाहीस. ती दगडावर ठेवलीस आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरलीस. मी काठावर उभी आहे. पाणी तुझ्या गुडघ्यांना लागतं, मग कमरेला. तुला गुडघ्यापुढं गेलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पाणी छातीला आल्यावर तू जांभळाचं एक मूळ एका हातानं धरतेस आणि पाय उचलतेस. हलवून बघतेस. लुगडं आधी फुगून वर येतं, मग भिजून जड होतं आणि तुझ्या पायांभोवती फिरू लागतं. तू पुन्हा पाय मारतेस. मग पाय खाली टेकायला जातेस आणि तो टेकत नाही. तुझं तोंड पाण्याला लागलं. तुझी ती मूठ मला अजून दिसते. मुळावर आवळलेली, पांढरी पडलेली. तू स्वतःला ओढत काठाला आलीस, दगडावर बसलीस, खोकलीस, आणि बसल्या जागी लुगड्याचा पदर पिळायला लागलीस.

"तुझा बा म्हणतो ते खरं हाय," तू म्हणालीस. "परकर न्हाई चालायचा. पण त्यो म्हणतो तसं पंच्यावर बी न्हाई. मधलं कायतरी काढाय पायजे."

ते मधलं तू स्वतःच्या डोक्यानं काढलंस. बाच्या बंडीसाठी हल्याळच्या बाजारातून जाडंभरडं मांजरपाट आणलेलं होतं, ते कापायला घेतलंस. तालमीतले पैलवान घालतात तसा गुडघ्यापर्यंतचा चोळणा बेतलास, पण दोन्ही बाजूंना चिरा ठेवल्यास, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. वरती बिनबाह्यांची बंडी, बगलेत नाड्या. बंडी चोळण्यात खोचायची आणि वरून नाडा आवळायचा, म्हणजे वर सरकायची नाही. शिवून झाल्यावर तो पांढरा जोड माझ्या अंगाला लावून बघितलास आणि मान हलवलीस. पांढरं पाण्यात नको, म्हणालीस. मग रानातल्या ऐनाच्या झाडाची साल आणलीस, मासळीची जाळी रंगवायला उकळतात तीच. मोठ्या हंड्यात ती उकळून सगळा जोड त्यात बुडवलास. दिवसभर घरात त्या काढ्याचा तुरट वास होता आणि आत्ती नाकाला पदर लावून फिरत होती. निघाला तेव्हा रंग काळपट तपकिरी, ओल्या खडकासारखा झाला होता. बा घरी आला, त्यानं वळणीवरचं कापड ओळखलं. मग मी काय घालू, असं त्यानं विचारलं. जुनी हाय की, असं तू सांगितलंस. त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागलात.

तुझी एकच अट होती. आम्ही पाण्यात असू तोवर तू काठावर असणार. तू बसायचीस ती आमच्याकडं पाठ करून, वाटेकडं तोंड करून. कुणी येतंय का ते बघत आणि हातानं काहीतरी निवडत. बा माझ्या पोटाखाली हात धरायचा, मी पाय मारायचे, भोपळे पाठीवर आपटायचे. पाणी नाकात जायचं. धाकटा माझ्या आधी शिकला, आणि त्याचा मला राग यायचा. पण चोळणा पायात कधी आला नाही. हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पाय मोकळे असतात एवढंच काय ते मला माहीत होतं.

मग माझे होणारे सासरे आले. हिरडा आणि मिरी घ्यायला ते गुंद गावापर्यंत येत-जात असत, तसेच वाटेत आपल्याकडं वळले. घरात आत्ती एकटी होती. आम्ही कुठं आहोत ते तिनं सांगितलं. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, पाहुण्याला ती काय सांगणार? तू त्यांना सगळ्यांच्या आधी बघितलंस. उठून उभी राहिलीस, डोक्यावर पदर घेतलास, पण वाटेतून बाजूला झाली नाहीस. ते चढावरच थांबले. तिथून डोह सगळा दिसतो. बा छातीइतक्या पाण्यात उभा, मी त्याच्या हातावर आडवी. पाण्यात उभ्या माणसाला पाहुण्याचं स्वागत कसं करायचं ते कळत नाही, तसं बाचं झालं. त्यानं मला सोडून नमस्कार केला आणि मी गटांगळी खाल्ली.

ते आरडाओरडा करणारे नव्हते. शांतपणे म्हणाले, आमच्या घरामागच्या परड्यात विहीर आहे, सुनेला ओढे ओलांडायची वेळ येणार नाही. हे आजच्या आज थांबवा, मी इथं आलो नाही आणि काही बघितलं नाही असं समजेन. ते असं बोलल्यावर बा तुझ्याकडं बघायला लागला. मीही बघत होते. मला वाटलं तू हो म्हणशील. खरं सांगायचं तर तू हो म्हणावंस असंच मला वाटत होतं, कारण मला थंडी वाजत होती आणि लाज वाटत होती.

तू म्हणालीस, "पाव्हणं, लगीन हुईपतूर ती हितंच ऱ्हाणार. तवर तिला ह्योच वढा हाय. ती शिकल."

ते आपल्याकडं न येता, पाणीही न घेता चढावरूनच परत गेले. पुढच्या बाजाराला मधल्या माणसाकडून निरोप आला की सोयरीक मोडली. आत्ती महिनाभर घरात पाय आपटत होती. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर तुला बघून बोलणं बदलायच्या. मी बाला सांगितलं की मला नाही शिकायचं. तो विडी ओढत बसला. दुसऱ्या सकाळी तू वळणीवरून चोळणा काढून आणलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "वाळलाय. घाल." आणि टोपली घेऊन माझ्यापुढं चालायला लागलीस. मग मी काय करणार? पावसाळा लागायच्या आत मी भोपळ्यांशिवाय डोह ओलांडला.

एक गोष्ट मात्र तुला आठवत असेल का, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पेरण्यांच्या तोंडावर ती आली होती, त्या बुडालेल्या पोरीची आई. वर्षभर ती आपल्या दाराशी आली नव्हती. कुणाच्याच दाराशी जात नव्हती. ओट्याशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. तिची धाकटी पोर तिच्या पाठीमागं लपली होती. तिनं वळणीवरच्या चोळण्याकडं बोट केलं आणि विचारलं, "तसलं हिला शिवून द्याल काय?" तू कात्री घेतलीस, उरलेलं कापड काढलंस, आणि त्या पोरीला समोर उभी करून दोरीनं तिचं माप घ्यायला लागलीस. ती बाई रडली नाही. तू पण नाही. दोघी फक्त चिरा किती उंचीवर ठेवायच्या ह्यावर बोलत होता.

दोन-तीन वर्षांनी मास्तरांचं स्थळ आलं. तू पदराआडून नव्हे, समोर बसून त्यांच्या आईला सांगितलंस की पोरीला पोहायला येतं, चोळणा-बंडी घालून शिकली आहे, मागं एक सोयरीक त्यावरून मोडली आहे, नंतर कानावर आलं असं नको. मास्तर अजून ही गोष्ट सांगतात. मुलगी बघायला गेलो आणि पहिली माहिती चोळण्याची मिळाली, म्हणतात. लग्नानंतर मी पाण्यात फारशी उतरले नाही. कुणाला वाचवायचा प्रसंगही माझ्यावर आला नाही. फक्त पावसात साकव ओलांडताना इतर बायका देवाचं नाव घ्यायच्या, आणि मी पुढचा पाय कुठं ठेवायचा ते बघायचे.

हे आज लिहायला बसले त्याचं कारण तुझी नात, माझी लेक. ती बेळगावला शिकते, मुलींच्या बोर्डिंगात राहते. तिथल्या बाई मुलींना तळ्यात पोहायला शिकवणार आहेत. सुटीत आली तेव्हा तिनं पोशाख आणून दाखवला. लोकरीचा, निळा, अंगालगत विणलेला, मांडीपर्यंतच आणि बाह्या नसलेला. मास्तरांनी तो बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले की हे तूच ठरव. आणि आये, माझ्या तोंडातून पहिला शब्द नाही असाच निघाला. कोण बघतं तिथं, कुणाचे बाप-भाऊ येतात, काठावर कोण बसतं, हे सगळं मी विचारलं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. तळ्याला भिंत आहे, बाई स्वतः पाण्यात असतात. मी पोशाख हातात घेऊन ताणून बघितला, शिवण उलटी करून बघितली. दोन दिवस तो माझ्या उशाशी होता. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, जा, पण भिजल्यावर लोकर जड होते, पहिल्यांदा उतरशील तेव्हा काठ सोडू नकोस.

जाताना सामान बांधत असताना तिनं सहज विचारलं की आजीला पोहायला यायचं का. मी म्हणाले, यायचं. चांगलं यायचं, असंही म्हणाले. ती खूश होऊन गेली. बोर्डिंगातल्या मैत्रिणींना तिनं आतापर्यंत सांगितलंही असेल. तुझ्यापुढं खोटं लपवून काय उपयोग, म्हणून सांगितलं. पण तिला खरं सांगायचं माझ्या मनात नाही.