हळकुंडाचा हिवाळा

इंगोलश्टाट,
८ फेब्रुवारी

प्रिय सत्यजित,

नावापुढे 'राव' लावलं नाही म्हणून दचकू नकोस. सात वर्षं तुला अहो-जाहो केलं, कारण जावयाला अरे-तुरे करायचं नसतं असं तुझ्या सासूबाईंचं म्हणणं. आता वकिलांची पत्रं आली आहेत, तेव्हा निदान एवढी सवलत तरी मला मिळावी. तर कामाचं आधी सांगतो. ऊर्मिला या महिनाअखेर हा फ्लॅट सोडून म्युनिकला राहायला जाते आहे. फ्लॅटबरोबर मागच्या अंगणातली गाडीची जागाही जाते. तुझी गाडी तिथे उघड्यावर उभी आहे. ती अठ्ठावीस तारखेच्या आत हलवली नाही, तर घरमालकाची माणसं उचलून नेतील आणि मग ती भंगारातच जाणार. मी वीस तारखेला मिरजेला परत निघतो आहे. तू त्यानंतर कधीही ये. वीसच्या आधी मात्र येऊ नकोस. या पत्रात फक्त गाडीबद्दल लिहायचं असं ठरवून बसलो आहे, बघू कितपत जमतं.

ऑक्टोबरात तू र्युसेल्सहाइमच्या नव्या नोकरीवर गेलास तेव्हा गाडीच्या नंबरप्लेटा काढून ठेवल्यास आणि बर्फ पडायच्या आत छपराखालची जागा बघून तिला घेऊन जातो, असं ऊर्मिलाला सांगून गेलास. मी नोव्हेंबरात लेकीच्या सोबतीला म्हणून आलो, तर गाडी तिथेच. काचेवर ओल्या पानांचा थर. तिच्या त्या पिवळ्या रंगावरून 'हळकुंड' हे नाव ऊर्मिलानेच ठेवलं होतं ना? आता ती नुसतं 'ती गाडी' म्हणते. मला गाडीतलं काय कळतं? सगळा जन्म औषधाच्या दुकानात गेला. पण सगळी घरं आतून गरम आणि ही एकटी बाहेर गारठत उभी, हे काही बघवेना. तू दर शनिवारी तिच्याखाली झोपून काय काय करायचास ते मी मागे इथे आलो होतो तेव्हा बघितलेलं आहे.

खालच्या मजल्यावरच्या ब्रांडलसाहेबांनी मला शिकवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. बॅटरी काढून तळघरात ठेवली. चाकांत हवा जास्त भरली. गाडीखाली जाळी अंथरली, कारण इथे मुंगसासारखा एक प्राणी थंडीत इंजिनात शिरून वायरी कुरतडतो म्हणे. मग त्यांनी दारांच्या रबरांना काहीतरी चोळायची खूण केली आणि बाटली दाखवली, तर ग्लिसरीन! रबर गोठून दार चिकटू नये म्हणून ते लावतात. फुटलेल्या ओठांसाठी आयुष्यभर ज्या बाटल्या विकल्या त्या इथे भेटल्या, आणि मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दर रविवारी सकाळी मी खाली जाऊन चारी दारांना ग्लिसरीन लावतो. रविवारीच, कारण ती तुझ्या फोनची वेळ असायची. ब्लडप्रेशरची गोळी घेतली का, हे विचारायला तू करायचास त्या फोनची. मी घेतली म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर घ्यायचो. असो, हे गाडीबद्दल नाही.

खरा घोटाळा कव्हरने केला. आठवतं का, गेल्या अधिक महिन्यात आम्ही दोघं इथे आलो होतो? धोंड्याचं जेवण इथेच केलं. जावयाला चांदीचं निरांजन द्यायचं, अनारसे द्यायचे. ते दिलंच, पण मला वाटलं, ज्या गाडीत याचा जीव आहे तिच्यासाठी काहीतरी न्यावं. मिरजेच्या मंडपवाल्याकडून गाडीचं कव्हर शिवून घेतलं. वरून ताडपत्री, आतून रेक्झिन, पावसाचा थेंब आत जाईल तर शपथ. त्याच्या वजनापायी ऊर्मिलाचं मेतकूट आणि लोणची घरीच राहिली, आणि ती दोन दिवस माझ्याशी फुगून होती. तू मात्र ते एवढं अवजड कव्हर सत्काराची शाल पांघरावी तसं खांद्यावर घेतलंस आणि वाकून नमस्कार केलास. मग मला स्टिअरिंगपाशी बसवलंस, इंजिन बंद, आणि मी अंगणातल्या अंगणात कोल्हापूरपर्यंत जाऊन आलो. उतरताना तू सहज म्हणालास की तू चौथीत असताना वडील गेले, त्यानंतर तुझ्यासाठी बॅग भरून कोणी काही आणलंच नव्हतं. मी धोंडे उकडले का बघतो म्हणून आत गेलो. धोंडे केव्हाच उकडले होते.

तेच कव्हर मी या डिसेंबरात बाहेर काढून गाडीवर घातलं. तू ते फक्त उन्हाळ्यात वापरायचास आणि हिवाळ्यात गाडी मित्राच्या शेडमध्ये ठेवायचास, याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. पण माझं मन राखायला तू कधी बोलला नाहीस. मी नायलॉनच्या दोरीने चारी बाजूंनी असं आवळून बांधलं, जसं जुलैत दुकानाबाहेरच्या खोक्यांना बांधायचो. ब्रांडलसाहेब मान हलवत राहिले. ऊर्मिलाने वरून, खिडकीतूनच, त्यांचं बोलणं मला सांगितलं. ओल आत कोंडेल, गाडीला श्वास घेता आला पाहिजे, असं ते म्हणत होते. मी मनात म्हटलं, हे लोक भर थंडीत खिडक्या सताड उघडून घराला हवा देतात, यांचं काय ऐकायचं! मी दोरीला आणखी एक गाठ मारली.

जानेवारीच्या मध्यावर दोन दिवस बर्फ वितळलं, मग पाऊस पडला आणि रात्रीत सगळं गोठलं. सकाळी बघतो तर कव्हर गाडीला चिकटलेलं. मी वरून किटलीभर कोमट पाणी आणून ओतलं, पुन्हा आणलं, पुन्हा ओतलं. पुढची किटली आणेपर्यंत आधीचं पाणी गोठून बसायचं. शेवटी वैतागून ओढलं. टपावरचा रंग कव्हराबरोबर निघून आला, सत्यजित. तुझ्या सीटच्या बरोबर वर, चपातीएवढा तुकडा, खाली नुसता पत्रा. दार उघडलं तर आत कुबट वास आणि सीटवर पांढरी बुरशी. मी आणलेल्या भेटीनेच, मी बांधलेल्या दोरीनेच. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, ते सरळ सांगतो. ब्रांडलसाहेब माझ्या हातातलं कव्हर काढून घेऊन गेले.

त्यानंतर गाडी उघडीच आहे. बर्फ पडलं की मी मऊ झाडूने झाडतो, पुन्हा पडतं, पुन्हा झाडतो. टपावरच्या जखमेवर ब्रांडलसाहेबांनी काहीतरी मेणासारखं चोळून दिलं आहे. आतली ओल ओढून घ्यायला मी सीटवर वाट्यांमध्ये तांदूळ भरून ठेवतो आणि दोन-तीन दिवसांनी बदलतो. घरातला तांदूळ भराभर संपायला लागला. ऊर्मिलाने विचारलं नाही. एके दिवशी ऑफिसातून येताना मोठी पिशवी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवली. ती स्वतः मात्र मागच्या दाराने कधी जात नाही, तिकडून स्टेशन जवळ असूनसुद्धा पुढून वळसा घालून जाते. तुमच्यात कोणाचं चुकलं ते मी विचारलेलं नाही. विचारून मला काय करता येणार होतं? तीन महिने ती भिंतीपलीकडे झोपत नाही हे ऐकत पडलो, आणि सकाळ झाली की खाली जाऊन तुझ्या गाडीवरचं बर्फ झाडलं. एवढंच माझ्या हातात होतं, तेही धड जमलं नाही. किल्ली आणि बॅटरी ब्रांडलसाहेबांकडे आहे. नव्या छपराखाली नेलीस की आधी सगळी दारं उघडी टाक.

आता ते वीस तारखेचं. नोव्हेंबरात मी तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. ऊर्मिलाला ते कळलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण जेवता जेवता हात थांबवून ती एवढंच म्हणाली की बाबा, तुम्ही त्याच्याशी नातं ठेवलंत तर मला यातून कधीच बाहेर पडता येणार नाही. मी तिला शब्द दिला, की यापुढे तुला फोन नाही, पत्र नाही, भेट नाही. गाडीपुरतं एक पत्र लिहा, असं तिनेच परवा सांगितलं, म्हणून हे गाडीबद्दल लिहिलं आहे. तू समोर आलास तर माझ्याने शब्द पाळवणार नाही. मी तिचा बाप आहे, मला दुसरीकडे उभं राहता येत नाही, आणि तू माझा कोण आहेस ते सांगायला आता माझ्यापाशी नातं नाही. मे महिन्यात पुन्हा अधिक महिना लागतो आहे. यंदा वाण कोणाला द्यायचं असं तुझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं, मी देवळात देऊ म्हणालो. गोळी रोज वेळेवर घेतो, खरंच घेतो. तू मिरजेहून निघायचास तेव्हा दर वेळी मी खिडकीतून ओरडायचो, पोचलास की कळव. या वेळी सावकाश जा, गाडी नीट ने, आणि पोचलास की कळवू नकोस.

तुझाच,
बाबा