छकुलीचं जन्मस्थळ

ता. लांजा, रविवार, ११ जानेवारी २०२६

ति. विनीतदादा,

सानिकाचा नमस्कार. आई, वहिनी, छकुली तिघी बऱ्या आहेत. काजूला मोहोर चांगला आलाय.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. छकुली रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात झाली असं मी लिहिलं होतं. तसं नाही. पाली सोडल्यावर, हातखंब्याच्या अलीकडे, रस्त्याकडेला थांबवलेल्या जीपमध्ये ती झाली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ खरी, ठिकाण खोटं. तू तिकडच्या, पलटणीतल्या पंडितजींकडून पत्रिका करून पाठवलीस. तिच्यावर ‘जन्मस्थळ रत्नागिरी’ वाचलं, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. आईने मला शाळेआधी घरीच पाटीवर लिहायला शिकवलं, ते चूक लपवायला नव्हे.

गावातल्या उपकेंद्राला कुलूप होतं. नर्सची जागा दीड वर्ष रिकामी आहे. शेजारच्या सगुणाकाकी न बोलावता जीपमध्ये चढल्या, म्हणून निभावलं. वहिनीने दात आवळून सगळं सोसलं. नंतर म्हणाली, “ह्यांना कळवू नका, तिकडे बर्फात आहेत.” रक्त थांबत नव्हतं, रत्नागिरीला पोचल्यावर रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, हेही मी लिहिलं नव्हतं. आता ती ठणठणीत आहे. खरंच.

आज का लिहिते? ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. पडून राहणाऱ्या, नुसत्या मिरवायच्या शस्त्रांवरचा खर्च सरकारने कमी करावा आणि तो पैसा उपकेंद्रांना, शाळांना द्यावा. जवानाचा पगार, बूट, बंदूक यांना हात लावू नये, हे वाक्य सर्वांत वर घातलंय.

गणपतीच्या सुट्टीत तू ताडपत्रीखाली पडलेल्या यंत्राचं सांगितलंस, तेही मी ग्रामसभेच्या भाषणात लिहिलं होतं. काल खोडलं. ते तू बहिणीला सांगितलंस, गावाला नाही. मग सांगण्यासारखं उरलं छकुलीचं. वहिनी म्हणाली, “सांगा. पण आधी ह्यांना कळू दे.” फोनवर तुझ्याभोवती माणसं असतात, म्हणून पत्र.

भागोजीतात्या काल पडवीत बसून म्हणाले, “काय गो, भाऊस फौजेत आणि तू तोफा कमी करा म्हणतेस? त्याच्या हातात काय काठी देणार?”

वहिनी छकुलीला घेऊन बाहेर आली. “काठी नको, तात्या. त्यांच्या बायकोला नर्स द्या.”

तात्या हसले. मग म्हणाले, “कागद दिल्लीत कोण वाचणार?” पण सही करून गेले. दादा, तू वर्दीत पहिल्यांदा घरी आलास तेव्हा मला जसं वाटलं होतं, तसं काल वहिनीकडे बघून वाटलं.

तू रागावशील याची भीती आहे. ‘माझ्या घरातलं चव्हाट्यावर आणलंस’ म्हणशील. पण परवानगी मागते असं ढोंग करत नाही. तू नको म्हणालास तरी बोलणार आहे. फक्त हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये. तात्या म्हणतात, टीव्हीवर संचलन असतं, निदान दिवस तरी बघायचास. मी बघूनच निवडलाय. झेंडावंदन झालं की उभी राहीन, सोमवारी, २६ जानेवारीला.

फौजीची बहीण आणि छकुलीची आत्या,
सानिका