रांगेतली मुलगी

आई, मी सध्या लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक करतेय आणि त्यात तू आहेस. आपल्या सातारा-सांगलीकडच्या लढणाऱ्या बायकांचं पुस्तक. धरणात गाव गेल्यावर जमिनीसाठी वर्षानुवर्षं कचेरीसमोर बसलेली एक आहे, देवाला सोडलेल्या मुलींना शाळेत घालणारी एक आहे, आणि शेवटच्या चार पानांत तू. ऐकलं असतंस तर "माजं काय ठेवलंय त्यात?" म्हणाली असतीस, आणि दोन दिवसांनी हळूच विचारलं असतंस, "लुगडं कुठल्या रंगाचं दावलंय?"

हिरवं दाखवलंय. चित्रं काढणारी मुलगी इथलीच, सांगलीची, माझ्या निम्म्या वयाची. तिने आधी तुला झेंडा आणि वळलेली मूठ दिली होती. मी म्हटलं, बाई गं, माझ्या आईने मूठ वळली ती फक्त कणीक मळताना. तिच्या गळ्यात टेप असायची, शिवणकामाची, ती काढ. मग मतपत्रिकेच्या चित्रात तिने आडव्या बाटलीतून दारू सांडलेली दाखवली. "ताई, आडवी केल्यावर सांडणारच की!" तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर बायकांचं मतदान होतं. कागदावर एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या मतदार बायकांपैकी अर्ध्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. म्हणजे जी मतदानाला आलीच नाही, ती उभ्या बाटलीच्याच बाजूने धरायची. हे शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज जरा खाली आला. तिच्या लक्षात आलं नाही.

पाटणच्या अलीकडचं आपलं घर, पुढच्या खोलीत मशीन, मध्ये पडदा. पडद्यामागे तू ब्लाऊजची मापं घ्यायचीस. मी सातवीत असताना आत डोकावले आणि एका काकींच्या पाठीवरचे वळ बघितले. शाळेत जाऊन ते मैत्रिणीला सांगितलं. संध्याकाळी तू मला एक ठेवून दिलीस, आयुष्यात एकदाच. "माप आतलं आतच ऱ्हातं," म्हणालीस, आणि मग माझ्यापेक्षा जास्त तूच रडलीस. अण्णा फौजेत, घरात दारूचा थेंब नाही. बाया तुला विचारायच्या, "आवं, तुमचा नवरा पीत न्हाई, तुमाला काय पडलंय?" तू पिना तोंडात धरून म्हणायचीस, "मापं मी घेती न्हवं."

मतदानाच्या अर्जाला बायकांच्या सह्या लागायच्या. उघड सही करायची तर घरी मार. म्हणून तू त्या मापाच्या वहीत मागच्या बाजूने घ्यायला लागलीस. ब्लाऊज टाकायला कोण कशाला अडवतंय? एका हाताने टेप गुंडाळायची आणि दुसऱ्या हाताने वही पुढे करायची. लोकांना वाटायचं, यंदा बायकांना ब्लाऊजचं लय वेड लागलंय. सगळ्यांत वर माझी सही आहे. मला नुकती अठरा पूर्ण झाली होती. "पयली सही माज्या पोरीची," असं तू प्रत्येकीला दाखवायचीस. ती वही आता माझ्याकडे आहे. अर्जावर सगळ्या सह्या पुन्हा घेऊन झाल्यावरही तू ती टाकली नव्हतीस.

मी तेव्हा कराडजवळ मलकापूरला खोली करून कॉलेजात होते. आपल्याकडच्या दोन मुलींनी मला 'आडव्या बाटलीची पोरगी' म्हणायला सुरुवात केली होती, आणि गावात दुकानापुढून जाताना माणसं काय बोलत ते तुला मी कधी सांगितलं नाही. मतदानादिवशी घालायला तू अबोली रंगाचा नवा ड्रेस शिवून पाठवलास, रांगेत उभं राहायला. तो घालून मी निघालेही.

दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा निकाल लागलेला. थोडक्यात हुकलं होतं. तू मशीनवर होतीस. मी म्हटलं, गाडी चुकली. तू मान वर न करता म्हणालीस, "गाडीचं काय, चुकती. आदी जेव." पुन्हा मतदान होऊन दुकान बंद झालं ते किती तरी वर्षांनी, तेव्हा मी लग्न होऊन सांगलीच्या मतदार यादीत होते. मधल्या वर्षांत तू त्याच पाठींची मापं घेत राहिलीस. कुणाच्या पाठीवर काय आहे ते एका शब्दाने मला कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

आता खरी गोष्ट. चित्रकार मुलीने ती वही पाहिली, वरची सही पाहिली, आणि मला न विचारता पहिल्या मतदानाच्या रांगेत तुझ्या शेजारी एक मुलगी उभी केली. अबोली ड्रेस, दोन वेण्या, तुझा हात धरलेला. रंगही मीच बोलता बोलता सांगितला होता. चित्र इतकं गोड होतं की मी दोन महिने गप्प बसले. त्याखाली ओळही मीच लिहिली, 'लेक आईसोबत रांगेत होती.' आज पुस्तक छापायला जायचं होतं. सकाळी मी तिला फोन केला.

"त्या रांगेतली मुलगी तिथं नव्हती. ओळ मी बदलते, चित्र तू बदल."

"मग पुसून टाकू का, ताई?"

"पुसू नको. कराडच्या स्टँडवर बाकावर बसव."

तिने विचारलं, "आणि गाडी?"

"समोर उभी आहे. पाटणची पाटी लावलेली, दार उघडं, आत जागाही आहे."

चित्र दुपारी आलं. बाकावरच्या मुलीने दप्तर मांडीवर घट्ट धरलंय आणि ती गाडीकडे बघतेय. मुलांना काय कळायचं ते कळेल. हे पत्र मी तुझ्या वहीत, सह्यांच्या पहिल्या पानावर ठेवतेय. आई, त्या दिवशी माझ्यासमोरून दोन गाड्या गेल्या. गाडी चुकली नव्हती.